खाऱ्या पाण्याच्या टाकीतली कोळंबी: पुण्यातल्या घरात ती निरोगी कशी ठेवावी

खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्यांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते: "मासे मजेत आहेत हो, कोळंब्याच टिकत नाहीत." त्यावरून हा जीवच नाजूक असणार अशी समजूत होते. प्रत्यक्षात क्लीनर श्रिम्प (माशांचं अंग साफ करणारी कोळंबी) नीट सांभाळली तर दोन-तीन वर्षं जगते, दर काही आठवड्यांनी कात टाकते, पोटाखाली हिरवट अंडी घेऊन फिरते आणि टाकीत हात घातला की बोटांवर चढून नखांच्या कडा साफ करायला लागते. तिचा जीव घेणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत: पाण्यात अचानक झालेला बदल, तांबं आणि कीटकनाशक. मासा या तिन्हींतलं बरंच काही सोसतो. त्यामुळे मासे पोहताहेत म्हणजे पाणी ठीक आहे, हा हिशेब कोळंबीला लागू करू नका.

पुण्यात या तिन्ही गोष्टींची वाट घरातूनच जाते. टँकरचं पाणी, एप्रिल-मेचा कोरडा उकाडा, तांब्याची भांडी, पावसाळ्यातली धूरफवारणी यांचा उल्लेख परदेशी मार्गदर्शनात सापडत नाही, आणि इथल्या कोळंब्या मरतात त्या बहुतेक यांच्यामुळेच. म्हणून फिल्टर आणि दिव्यांपेक्षा इथे भर यांच्यावर दिला आहे.

आधी जात ठरवा

पहिली कोळंबी म्हणून स्कंक क्लीनर घ्या. पाठीवर लाल पट्टा, त्याच्या मधोमध पांढरी रेघ आणि लांब पांढऱ्या मिशा. शास्त्रीय नाव लिस्माटा ॲम्बॉइनेन्सिस. ही धीट असते, लपून बसत नाही, माशांच्या अंगावरचे परजीवी आणि मेलेली त्वचा टिपते. मात्र माशांचा व्हाइट स्पॉट (अंगावर पांढरे ठिपके येणारा रोग) ती बरा करते या भरवशावर तिला आणू नका, तो तिच्या आवाक्यातला रोग नाही. जोडी ठेवायची तर नर-मादी ओळखत बसावं लागत नाही. प्रौढ झाल्यावर यातली प्रत्येक कोळंबी एकाच वेळी नरही असते आणि मादीही, त्यामुळे कोणत्याही दोन आणल्या तरी जमतं.

लालभडक फायर श्रिम्प देखणी, पण लाजाळू. दिवसभर कपारीत बसते, हे पैसे मोजण्याआधी माहीत असावं. बॉक्सर श्रिम्प, म्हणजे लाल-पांढऱ्या पट्ट्यांची आणि लांब नांग्यांची, एकटीच ठेवा. नर-मादीची जोडी नसेल तर दोघींत एक मरेपर्यंत मारामारी होते, आणि छोटे मासे किंवा इतर कोळंब्याही तिच्या तावडीतून सुटत नाहीत. सेक्सी श्रिम्प जेमतेम दोन-अडीच सेंटीमीटरची असते, लहान टाकीत तीन-चारच्या गटात छान राहते, पण मोठ्या माशांबरोबर ठेवली तर खाल्ली जाते.

पेपरमिंट श्रिम्प घेताना डोळे उघडे ठेवा. टाकीत तणासारखं माजणारं एप्टेशिया (एक प्रकारचं लहान ॲनिमोन) ती खाते म्हणून तिला मागणी असते, आणि तिच्या नावाखाली पुष्कळदा कॅमल श्रिम्प गळ्यात मारली जाते. खरी पेपरमिंट फिकट, जवळजवळ पारदर्शक असते आणि अंगावर बारीक लाल रेघा असतात. कॅमलचे डोळे मोठे, पाठीला कुबड आणि लाल अंगावर ठळक पांढऱ्या रेघा नि ठिपके. कॅमल एप्टेशिया सोडून मऊ कोरल कुरतडायला लागते.

हार्लेक्विन श्रिम्प कितीही सुंदर दिसली तरी सुरुवातीला घेऊ नका. ती फक्त तारामासे खाते. तिच्यासाठी सतत तारामासे आणणं जमणार नसेल तर तिला घरी आणणं म्हणजे तिची उपासमार.

टाकी पिकू द्या

टाकी १०० लिटर किंवा त्याहून मोठी असावी. लहान टाकीत कोळंबीला जागा पुरते, पण पाणी थोडं असलं की तापमान आणि खारेपणा झपाट्याने हलतो. वाळू, दगड आणि खारं पाणी घातल्यावर जिवाणूंची वाढ होऊन अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट होण्याची साखळी बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की आधी एखाद-दुसरा मासा सोडा. तो रुळल्यावर आणखी दोन-तीन आठवड्यांनी, दगडांवर थोडं शेवाळ आणि बारीक जीव दिसायला लागले की मग कोळंबी.

दगड घेताना कोरडा किंवा कृत्रिम रॉकच घ्या. आपल्या किनाऱ्यावरचे प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रातून काढलेला प्रवाळ खडक कुणी "ओरिजिनल आहे" म्हणून दाखवला तर तिथून निघा.

पंपांच्या तोंडांना स्पंज किंवा जाळी बसवा. कात टाकलेली मऊ कोळंबी पॉवरहेडमध्ये (टाकीतलं पाणी हलवणाऱ्या पंपात) ओढली जाते.

पाणी कुठून घ्यायचं

पुणे महापालिकेचं पाणी मुख्यतः खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांचं, पिंपरी-चिंचवडला मुख्यतः पवनेचं. पिण्यासाठी ते उत्तमच, पण त्यात क्लोरीन असतं, पावसाळ्यात गढूळपणा असतो, आणि तुमच्या नळापर्यंत पोहोचताना ते कोणत्या पाइपातून आणि टाक्यांतून येतं याचा पत्ता नसतो. वाघोली, उंड्री, हिंजवडी अशा भागांत कित्येक सोसायट्या टँकर आणि बोअरवेलवर चालतात. तिथे टँकर बदलला की पाणीही बदलतं. यातलं कुठलंच पाणी थेट मिठात मिसळू नका.

"आमच्याकडे आरओ आहे" हे उत्तर इथे पुरेसं नाही. स्वयंपाकघरातला आरओ पाण्याला चव यावी म्हणून थोडं मूळ पाणी किंवा खनिजं परत मिसळतो. हल्ली तर पाण्यात मुद्दाम तांबं सोडणारे प्युरिफायर घरोघरी आहेत. तुमच्या प्युरिफायरवर कुठेही "कॉपर" लिहिलेलं असेल तर त्याचा एक थेंबही या टाकीत जाता कामा नये. माणसाला चालेल इतकं तांबं कोळंबीला चालेलच असं नाही, आणि रोज भर घातली की ते टाकीत साठत जातं.

टाकीसाठी वेगळं आरओ-डीआय युनिट घ्या: सेडिमेंट फिल्टर, कार्बन, मेम्ब्रेन आणि शेवटी डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे). बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, शून्य दिसला पाहिजे. मीटर दोन-तीन दाखवायला लागला की रेझिन बदला. मेम्ब्रेन नीट चालायला साधारण ५० ते ६० पीएसआय दाब लागतो. वरच्या मजल्यांवर गच्चीतल्या टाकीचा तेवढा दाब मिळत नाही, तिथे बूस्टर पंप लावावा लागतो. वाया जाणारं पाणी फरशी आणि फ्लशसाठी बादलीत धरा.

गुरुवारी पाणी बंद आणि शुक्रवारी "उशिरा व कमी दाबाने" ही सूचना पुणेकरांना पाठ असते. बंद होऊन परत येणारं पाणी बऱ्याचदा गढूळ असतं. म्हणून बुधवारपर्यंत २०-३० लिटर आरओ-डीआय पाणी झाकणाच्या प्लास्टिक ड्रममध्ये भरून ठेवण्याची शिस्त लावा, आणि शुक्रवारी पाणी स्वच्छ दिसेपर्यंत युनिट चालू करू नका.

दिवेआगर किंवा अलिबागहून कॅन भरून आणायचा मोह ताम्हिणी उतरणाऱ्या प्रत्येकाला होतो. आणू नका. किनाऱ्यालगतचं पाणी खाड्यांच्या गोड्या पाण्याने पातळ झालेलं असतं, त्यात गाळ आणि बोटींचं तेल असतं, आणि बंद कॅनमध्ये घाट चढेपर्यंत त्यातले सूक्ष्म जीव मरून पाणी नासायला लागतं.

मीठ मरीन सॉल्टच हवं. घरातलं किंवा मिठागराचं जाडं मीठ चालत नाही, कारण कवचाला लागणारं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्यात योग्य प्रमाणात नसतं. २० लिटर पाण्याला साधारण ७०० ते ७५० ग्रॅम मीठ लागतं. नेमका आकडा पाकिटावर बघा. आधी पाणी, मग थोडं थोडं मीठ, आत एक छोटा पंप. मीठ पूर्ण विरघळून पाणी काचेसारखं नितळ झालं, तापमान टाकीइतकं झालं, की मगच मोजा. लक्ष्य विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६, म्हणजे साधारण ३४-३५ पीपीटी (हजार भागांत इतके भाग मीठ). खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्य करून भागत नाही; ३५ पीपीटीचं कॅलिब्रेशन द्रावण मिळतं, त्यावर तपासा. काट्याचे प्लास्टिक हायड्रोमीटर भाबडेपणाने वापरू नका, काट्याला चिकटलेला एक बुडबुडा आकडा बदलून टाकतो.

बाकीचे आकडे थोडक्यात: पीएच ८.१ ते ८.४, अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची ताकद) ८ ते ११ डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम, नायट्रेट २० पीपीएमच्या आत. दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलत राहिलात तर नुसत्या कोळंबीच्या टाकीत यांसाठी वेगळी औषधं ओतावी लागत नाहीत.

खारेपणा हलू देऊ नका

प्रवाळ खडकांवरच्या समुद्रात खारेपणा वर्षभर जवळपास एकसारखा असतो. मासा अंगातलं मीठ-पाणी बऱ्यापैकी सांभाळून घेतो. या कोळंबीच्या अंगातला द्रव बाहेरच्या पाण्यामागे जातो. म्हणून ३३ आणि ३५ मधल्या फरकाने तिचं काही बिघडत नाही, पण ३३ वरून ३५ वर अर्ध्या तासात गेलात तर बिघडतं.

एप्रिलमधली पुण्याची हवा कोरडी असते. १०० लिटरच्या टाकीवर पंखा चालू असेल तर दिवसाला दीड लिटर पाणी सहज उडतं. उडतं ते फक्त पाणी, मीठ खालीच राहतं. आठवडाभर भर घातली नाही तर दहा लिटर पाणी गेलेलं असतं आणि ३५ चा खारेपणा ३९ च्या जवळ पोहोचतो. त्याहून मोठा धोका यानंतर असतो. रविवारी लक्षात येतं, आणि दहा लिटर आरओ पाणी एका दमात ओतलं जातं. मासे तग धरतात, कोळंबी दुसऱ्या दिवशी आडवी.

उपाय सोपा आहे. पाण्याच्या पातळीवर काचेला बारीक टेप लावा आणि रोज सकाळी चहा ठेवताना त्या रेघेपर्यंत साधं आरओ-डीआय पाणी घाला. भर घालताना खारं पाणी कधीच नाही. जमलं तर ऑटो टॉप-ऑफ (उडालेल्या पाण्याची आपोआप भर घालणारं यंत्र) बसवा; सेन्सरवर शेवाळ धरतं, तो दर आठवड्याला पुसा. पातळी फार खाली गेलीच असेल तर दोन दिवसांत, थोडं थोडं पाणी घालून परत आणा. गणपतीला गावी जाणार असाल तर टॉप-ऑफची टाकी भरून ठेवा आणि शेजाऱ्यांना खाण्याच्या पुड्या मोजून द्या, डबा देऊ नका.

तापमान २४ ते २७ मध्ये ठेवा. मे महिन्यात बंद खोलीतली टाकी पंपांच्या उष्णतेने ३१-३२ वर जाते. पाण्याच्या पृष्ठभागावर वारा मारणारे छोटे पंखे दोन-तीन अंश सहज उतरवतात, कारण हवा कोरडी असते. जुलैत दमट हवेत त्यांचा उपयोग निम्माही राहत नाही, पण तेव्हा गरजही कमी असते. मोठी टाकी आणि पश्चिमेकडची भिंत असेल तर चिलरला पर्याय नाही. बर्फाच्या पिशव्या टाकू नका, तापमान झोके खातं.

फेब्रुवारी-मार्चकडे लोकांचं लक्ष नसतं. त्या दिवसांत पुण्यात दुपार आणि पहाट यांत १५ अंशांहून जास्त फरक पडतो, आणि थंडी संपली म्हणून हीटर काढून ठेवलेला असतो. हीटर होळीनंतरही टाकीतच राहू द्या. एका मोठ्या हीटरपेक्षा दोन लहान बरे. एक अडकून सतत चालू राहिला तरी टाकी शिजत नाही.

आणखी एक बाब. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. हवेचा दाब कमी, त्यामुळे पाण्यात मुरणारा प्राणवायू मुंबईपेक्षा साधारण सहा टक्के कमी. पाणी तापलं की तो आणखी घटतो. म्हणून पॉवरहेडचं तोंड थोडं वर करून पृष्ठभाग सतत हलता ठेवा. वीज गेल्यावर चालेल असा बॅटरीवरचा एअर पंप घरात असू द्या, किंवा एक वेव्हमेकर (लाटा उठवणारा पंप) इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. त्याला फारशी वीज लागत नाही.

तांबं

कोळंबीच्या रक्तातला प्राणवायू वाहणारा पदार्थ तांब्याचाच बनलेला असतो, तरी पाण्यात विरघळलेलं तांबं तिच्यासाठी विष आहे. माशांच्या व्हाइट स्पॉटवरची बरीच औषधं तांब्याची असतात. दुकानदार "एक ढक्कन टाका, मासा बरा होईल" म्हणतो, मासा बरा होतोही, पण कोळंबी, गोगलगाई आणि हर्मिट क्रॅब (शंखात राहणारे खेकडे) संपतात. शिवाय ते तांबं दगडात आणि वाळूत मुरतं आणि नंतर हळूहळू बाहेर येत राहतं. आजारी मासा नेहमी वेगळ्या टाकीत काढून औषध द्या. त्या टाकीची जाळी, पाइप, बादली या टाकीकडे आणू नका. फॉर्मॅलिन आणि खारेपणा उतरवून करायचे उपचारही कोळंबी असलेल्या टाकीत वर्ज्य.

जुनी टाकी विकत घेत असाल तर किंमत विचारण्याआधी हे विचारा: "यात कधी कॉपरचं औषध घातलं होतं का?" उत्तर गुळमुळीत आलं तर जुने दगड-वाळू घेऊ नका.

आपल्या घरांत तांबं आणि पितळ भरपूर असतं. पितळेचा तांब्या, तांब्याचा हंडा, कळशी, गीझरचं गरम पाणी, पितळी कॉक, काहीही या पाण्याजवळ नको. खाऱ्या पाण्यात तर हे धातू चटकन झिजतात. टाकीचे मग, बादल्या, नळ्या प्लास्टिकच्या आणि फक्त टाकीसाठीच ठेवा. घरात येणाऱ्या पाहुण्यांना आणि लहान मुलांना नाणं टाकायची हौस असते, त्यांना आधीच सांगून ठेवा.

डासांचं औषध

कोळंबी ही कीटकांची नातेवाईक, दोघेही संधिपाद (सांधेदार पायांचे जीव). त्यामुळे डास आणि झुरळ मारायला जे बनवलं आहे ते तिलाही मारतं, आणि फार थोड्या मात्रेत. प्लगमध्ये लावायच्या लिक्विडमध्ये, कॉइलमध्ये, मुंग्यांच्या खडूत, झुरळांच्या स्प्रेमध्ये, कुत्र्याच्या गोचिडांच्या काही औषधांत पायरेथ्रॉइड गटातली रसायनं असतात. एअर पंप आणि स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात मिसळतात, म्हणजे खोलीत सोडलेलं औषध आपणच टाकीत पंप करतो.

टाकीच्या खोलीत डासांसाठी जाळी आणि पंखा, एवढंच. मुंग्या असतील तर स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा. पेस्ट कंट्रोल करायचं असेल तर त्या खोलीत जेलचाच आग्रह धरा आणि फवारा पूर्ण टाळा. घरातल्या सगळ्यांना हे माहीत असलं पाहिजे. "मावशी, या खोलीत कसलाही स्प्रे मारू नका, आणि टाकीजवळची फरशी नुसत्या पाण्याने पुसा," हे कामाच्या पहिल्याच दिवशी सांगा. आजीला संध्याकाळी कॉइल लावायची सवय असेल तर कॉइलची जागा बदला.

पावसाळ्यात डेंग्यू वाढला की महापालिकेची किंवा सोसायटीची धूरफवारणी होते. सोसायटीच्या ग्रुपवर निरोप दिसला की टाकीच्या खोलीच्या खिडक्या बंद करा, दाराच्या फटीला ओलं फडकं लावा, एअर पंप आणि स्किमर बंद करा. पॉवरहेड मात्र चालू राहू द्या, पाणी हलतं राहिलं पाहिजे. टाकी झाकणाने किंवा स्वच्छ प्लास्टिकने बहुतांश झाका. फिल्टरमध्ये ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन घाला. धूर पूर्ण विरला, खोली उघडून हवा खेळली, की तास-दोन तासांनी स्किमर परत चालू करा. कार्बन दोन-तीन दिवसांनी बदला.

हाताला ओडोमॉस, सनस्क्रीन किंवा क्रीम लावलं असेल तर टाकीत हात घालू नका. साबणाने धुऊन, भरपूर पाण्याने खळखळून, मगच.

आणताना आणि सोडताना

नवा माल आलेल्या दिवशी खरेदी करू नका. मुंबईहून किंवा विमानाने आलेली कोळंबी दुकानात आठवडाभर टिकली की मग घ्या. टाकीच्या काचेपाशी बोट नेल्यावर ती मिशा हलवून बोटाकडे वळली पाहिजे. दुकानदाराला समोर थोडं खायला घालायला सांगा. निरोगी कोळंबी झडप घालते. एखादा पाय किंवा मिशी तुटलेली असेल तर चालतं, पुढच्या एक-दोन कातींत ती भरून येते. पण शेपटीकडचं मांस दुधाळ पांढरं दिसत असेल तर ती घेऊ नका.

आपला रिफ्रॅक्टोमीटर दुकानात घेऊन जा. मीठ वाचवायला आणि परजीवी कमी राहावेत म्हणून कित्येक दुकानं पाणी १.०१८ ते १.०२० वर ठेवतात. तुमच्या घरी १.०२५ असेल तर हा फरक मोठा आहे, आणि पिशवी नुसती अर्धा तास तरंगत ठेवल्याने तो मिटत नाही.

पिशवी थर्माकोलच्या डब्यातून आणा. डिकीत किंवा हँडलला लटकवून नको. घरी आल्यावर खोलीतला आणि टाकीतला दिवा बंद करा. पिशवी १५-२० मिनिटं टाकीत तरंगू द्या. मग पाण्यासकट कोळंबी एका लहान डब्यात घ्या, एअरलाइनच्या नळीला सैल गाठ मारून टाकीचं पाणी सेकंदाला दोन-तीन थेंब या वेगाने त्यात सोडा. पाणी दुप्पट झालं की निम्मं फेका, परत दुप्पट होऊ द्या. फरक कमी असेल तर तास-सव्वा तास, दुकानाचं पाणी १.०२० असेल तर दोन तासांहून जास्त. शेवटी डब्यातला खारेपणा मोजा. टाकीशी जुळला तरच सोडा. हिवाळ्यात डबा गार पडतो, तेव्हा तो टाकीतच कडेला बांधून ठेवा.

कोळंबी जाळीने उचलू नका, पाय आणि मिशा अडकून तुटतात. लहान पेल्याने उचला आणि डब्यातलं पाणी शक्य तितकं बाहेरच टाका.

रात्रभर कुरिअरने आलेल्या पिशवीचा हिशेब वेगळा. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो, त्यामुळे साठलेला अमोनिया तितका विषारी नसतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा पाण्यात तिला दोन तास ठेवणं घातक. विकणाऱ्याला आदल्या दिवशीच त्याच्या पाण्याचा खारेपणा विचारा, एका बादलीत तेवढ्याच खारेपणाचं आणि योग्य तापमानाचं ताजं पाणी तयार ठेवा, पिशवी उघडताच तिला त्यात घ्या, आणि तिथून पुढे थेंब-थेंब पद्धतीने टाकीच्या पाण्यावर आणा.

कात

कात टाकण्याआधी एखाद-दुसरा दिवस ती खाणं कमी करते आणि कपारीत जाते. बहुधा रात्रीच, पाठीचं कवच आणि पोटाचा भाग जिथे जुळतात तो सांधा उघडतो, ती कमानीसारखी वाकते आणि एका झटक्यात मागे उडी घेते. पुढे उरतं ते संपूर्ण कवच: पायांच्या नळ्या, मिशांची आवरणं, डोळ्यांवरच्या टोप्यासुद्धा. सकाळी ते वाळूवर दिसलं की नवख्या माणसाच्या पोटात गोळा येतो. उजेडात नीट बघा. कात पोकळ आणि पारदर्शक असते, प्रवाहात हलकी तरंगते. मेलेली कोळंबी अपारदर्शक, गुलाबी-पांढरी आणि जड असते. कात तशीच राहू द्या, कधी ती स्वतःच तिचा तुकडा खाते.

नवं कवच घट्ट व्हायला दिवस-दोन दिवस लागतात. या काळात तिला शोधायला दगड हलवू नका आणि पाणी बदलू नका. काही जण प्रत्येक कातीसाठी आयोडीन ओततात. नियमित पाणी बदललं जात असेल तर त्याची गरज पडत नाही, आणि न मोजता ओतलेलं आयोडीन अपायच करतं. कात अर्धवट अडकून कोळंबी मरत असेल तर आधी खारेपणाचे झोके आणि अपुरं खाणं यांचा विचार करा.

जोडी असेल तर कातीनंतर थोड्याच दिवसांत पोटाखाली हिरवी अंडी दिसतात. साधारण दोन आठवड्यांनी रात्री दिवा गेल्यावर पिल्लं सुटतात आणि सकाळपर्यंत मासे ती खाऊन टाकतात. ती वाढवणं वेगळ्या टाकीचं आणि कित्येक महिन्यांचं काम आहे, पण अंडी धरणं ही कोळंबी सुखात असल्याची चांगली खूण.

खाणं आणि सोबती

माशांचं उरलंसुरलं खाऊन कोळंबी जगते, हा समज तिला अर्धपोटी ठेवतो. दिवसाआड तिला वेगळं द्या: फ्रोझन मायसिस किंवा आर्टेमिया (दोन्ही कोळंबीसारखे बारीक जीव), किंवा मुगाच्या दाण्याएवढा मासळीचा तुकडा. पिपेटने थेट तिच्यासमोर धरा, नाहीतर मासे आधी पळवतात. पंधरा मिनिटांत न खाल्लेलं काढून टाका.

गणेश पेठेच्या मासळी बाजारातून आणलेली कोळंबी कच्ची घालू नका. कोळंबी शेतीला छळणारा पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू बाजारातल्या कोळंबीतून येऊ शकतो. माशांच्या अंगावर येणाऱ्या व्हाइट स्पॉटशी त्याचा संबंध नाही, व्हाइट स्पॉट परजीवीमुळे होतो. हा विषाणू कोळंब्या-खेकड्यांनाच होतो आणि डीप फ्रीजमध्ये मरत नाही. मीठ-हळद न लावता चांगली उकडून, बारीक चिरून द्या, किंवा माशाचा तुकडा द्या.

क्लाउनफिश, गोबी, ब्लेनी यांच्याबरोबर ती निवांत राहते. हॉकफिश, लायनफिश, ट्रिगर, पफर, ग्रुपर, ईल आणि मोठे रॅस मासे यांच्याबरोबर ठेवू नका. कार्पेट ॲनिमोनही तिला गिळतो. नवी कोळंबी सोडताना माशांना आधी पोटभर घाला.

आडवी पडलेली दिसली तर

घाबरून निम्मं पाणी बदलू नका. आधी खारेपणा आणि तापमान मोजा, मग अमोनिया. तिन्ही ठीक असतील तर गोगलगाईंकडे बघा. कोळंबी आणि हर्मिट क्रॅब लडबडताहेत पण गोगलगाई काचेवर नेहमीसारख्या फिरताहेत, असं असेल तर कीटकनाशकाचा संशय घ्या, कारण ते संधिपादांना जितकं मारतं तितकं गोगलगाईंना मारत नाही. घरात कालपासून काय फवारलं, काय लावलं, शेजारी पेस्ट कंट्रोल झालं का, हे विचारा. गोगलगाईही आखडून खाली पडल्या असतील तर तांब्याचा संशय घ्या आणि कॉपर टेस्ट करा.

दोन्ही प्रकारांत पहिली कृती एकच: ताजा कार्बन भरपूर घाला आणि खारेपणा-तापमान तंतोतंत जुळवलेलं २० ते २५ टक्के पाणी बदला. दुसऱ्या दिवशी परत तेवढंच. तांबं निघालं तर तांबं शोषणारं रेझिन वेगळं लावावं लागतं, नुसत्या कार्बनवर विसंबू नका. खारेपणा चढलेला असेल तर तो दोन दिवसांत हळूहळूच उतरवा. कोळंबी वाचली नाही तर लगेच दुसरी आणू नका. कारण सापडेपर्यंत, आणि सापडल्यावरही आणखी तीन-चार आठवडे, कार्बन बदलत राहा आणि आकडे लिहीत राहा. तांबं होतं असेल तर महिन्याने पुन्हा टेस्ट करा, कारण दगडात मुरलेलं तांबं तोवर पाण्यात परत आलेलं असू शकतं.